रेवणअण्णांच्या महायुद्धाचं टोक

आमच्या गल्लीत एकदा भरदुपारी चोर सापडला आणि थोड्या वेळानं तोच हात जोडून, मला चौकीवर न्या हो, अशी आमची विनवणी करू लागला.

चोरी रेवणअण्णा निळगारांकडची होती. अण्णा सोलापुरात, भवानी पेठेत सूत रंगवून देत. माझे ते शेजारी, भिंतीला भिंत लागून. त्यांच्या दारापुढच्या वाशांवर निळीतून काढलेल्या सुताच्या लडी वाळत असत. त्या चोरानं हाताला लागल्या तेवढ्या लडी खांद्यावर टाकल्या आणि धूम ठोकली. सूत ओलं आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही. निळे थेंब बोळाच्या तोंडापर्यंत पडत गेले, आणि त्या थेंबांच्या मागोमाग लोक गेले तेव्हा हे गृहस्थ मानेपासून कमरेपर्यंत निळे होऊन उभे होते. त्याला वाजतगाजत परत आणलं. लोकांनी बाह्या सरसावल्या. अण्णांनी मात्र त्याला ओट्यावर बसवलं, पुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि का चोरलंस म्हणून विचारलं. तो म्हणाला, पोटासाठी.

"त्येच्या आदी काय झालं?"

त्याच्या आधी गिरणीतनं कमी केलं होतं. त्याच्या आधी? गिरणीत माल पडून होता. त्याच्या आधी? ते काही चोराला ठाऊक नव्हतं. मग अण्णा सांगायला बसले. उन्हं कलली तेव्हा ते सगळा युरोप ओलांडून ऑस्ट्रियाच्या राजपुत्राच्या खुनापर्यंत पोचले होते आणि चोर भिंतीला डोकं टेकून वर सांगितलेली विनवणी करत होता. अण्णांनी लडी काढून घेतल्या आणि त्याला सोडून दिलं. मला म्हणाले, "त्येचा काय दोष, मास्तर? त्यो रांगेतला पार शेवटचा मानूस."

असा हा माणूस. समोरच्या माणसावर दोष म्हणून टिकू द्यायचा नाही. दूध पातळ आलं तर गवळ्याला बोलायचं नाही. त्याच्या आधी काय झालं ते शोधायचं. नळाला पाणी नाही, कापसाचा भाव पडला, कुणाच्या सुनेचं सासूशी पटत नाही, कसलीही गोष्ट असो, अण्णा एकेक पाऊल मागं जात आणि थोड्या वेळात महायुद्धाशी येऊन पोचत. तिथंही त्यांचा मुक्काम नसे. महायुद्ध हे त्यांच्या दृष्टीनं मधलं स्टेशन. युद्ध कशानं झालं, हा खरा प्रश्न.

साऱ्या जगाला असं दोषातून मोकळं करणाऱ्या या माणसावर आमच्या गल्लीनं मात्र एक आळ घातलेला होता. धाकट्या भावाला भर रस्त्यात मारून याच माणसानं लढाईवर घालवलं, असं लोक म्हणत. तो आळ खोटा आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि मी बोललो नव्हतो. ते सगळं लिहायलाच आज बसलो आहे. पण अजून हात धजत नाही. आधी अण्णांविषयीच थोडं सांगतो. ते सोपं आहे.

अण्णा ठेंगणे. कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात बंडी, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत रंगलेले. त्यांचे हात बघून गल्लीला पेठेतल्या बातम्या कळत. हात कुंकवासारखे लाल झाले की बायका कुणाच्या घरी लग्न निघालं याची चौकशी करू लागत. हात हिरवे दिसले की विणकरांनी श्रावणातल्या लुगड्यांचं काम धरलं असं समजावं. विभूती लावताना तोच रंग कपाळाला लागे, त्यामुळे त्यांचे पट्टे कधी गुलाबी, कधी पोपटी असत, आणि स्वामींच्या मठात ते तसेच जाऊन बसत. रंगपंचमीला मात्र हा माणूस दार लावून घरात बसायचा. "येक दिस तरी सुट्टी द्या की हो," म्हणायचा.

'त्येच्या आदी' ही खोड त्यांना धंद्यानं लावली होती. भट्टीतून काढताना सुताची लड कधीकधी गुंतते. नवखा माणूस हाताला लागेल तो धागा ओढतो आणि गाठ दगडासारखी होते. अण्णा लड गुडघ्यांवर पसरून आधी नुसती बघत बसायचे. मग एका धाग्यावर बोट ठेवायचं आणि न ओढता त्याच्यासंगं मागं मागं जायचं, कुठून आला, कशाखालून आला, असं करत टोक सापडेपर्यंत. "वढायचं न्हाय. मागं जायचं," एवढाच त्यांचा मंत्र. एरवी कुठलाही शहाणा माणूस हा मंत्र सुतापुरता ठेवतो.

त्यांचा धाकटा भाऊ इरण्णा. दोघांत इतकं अंतर की लोकांना मुलगाच वाटे. आईबाप साथीत गेले, अण्णांची बायकोही लवकर गेली. एक लेक आणि हा भाऊ, दोघांना अण्णांनीच वाढवलं. इरण्णा अंगानं दांडगा होता. ओली लड दांड्याला अडकवून तो असा पीळ द्यायचा की शेवटचा थेंब 'आलो आलो' म्हणत बाहेर यावा. डोक्यानं मात्र भोळा. त्या काळी सगळा चांगला रंग जर्मनीहून डब्यांतून येई. डब्यांवर सिंहांची, हत्तींची, नटलेल्या बायकांची चित्रं असत. इरण्णा ती सोडवून भट्टीच्या भिंतीला लावायचा. त्याच्या लेखी जर्मन म्हणजे रंग करणारी माणसं, आणखी काही नाही. लढाई सुरू झाल्याचं मी पेपरातून वाचून दाखवलं तेव्हा त्यानं मला अगदी मनापासून विचारलं होतं, "मास्तर, इतका चांगला लाल करनारी मानसं मारामारी कशाला करत्यात?"

मी इतिहासाचा शिक्षक. मी पेपराचं पान उलटलं.

लढाई सुरू झाली आणि रंग यायचा बंद झाला. बाजारात उरलेल्या डब्यांत व्यापारी विटकरीची पूड मिसळू लागले. अण्णांनी तरीही नरसय्याच्या मुलीच्या लग्नाचं लुगडं त्याच रंगात करून दिलं, आणि त्याची कथा पेठेत अजून सांगतात. नरसय्या हा आमच्याच बोळातला तेलुगू विणकर, अण्णांचा मित्र आणि वैरी दोन्ही. लग्न वैशाखात, आणि वैशाखातलं सोलापूर म्हणजे काय ते मी सांगायला नको. नवरी घामानं निथळली. लुगडं सुटलं, म्हणजे त्याचा रंग. अक्षता पडेपर्यंत नवरदेवाचं पांढरं धोतर गुलाबी झालं, मग उपरणं, मग भटजींचं सोवळं, आणि नवरीला उचलून नेणारा मामा तर पुढून ओळखू येईना. दुसऱ्या दिवशी नरसय्या चार माणसं घेऊन आला. अण्णांनी सगळ्यांना बसवलं आणि युद्धाची कारणं सांगायला घेतली.

नरसय्या म्हणाला, "अण्णा, मी कुठल्या कैसरला वळखत नाही. लाल कुणी केला ते सांगा."

"लाल मी केला. पर तसा का झाला ते ऐकशील का न्हाय?"

ऐकलं त्यांनी. बराच वेळ. शेवटी नरसय्या उठला आणि, आता घरी जाऊन जावयाला हे सगळं कसं सांगू, म्हणून कपाळाला हात लावून गेला.

त्या वेळी अण्णा युद्धाची कारणं सांगत ती गंमत म्हणून, गिऱ्हाइकाला थोपवण्यासाठी. त्यांचा ध्यास झाला तो इरण्णा गेल्यावर. आणि आता मला टाळता येणार नाही, ते लिहितो.

लढाई लांबली तशी सरकारला माणसं हवी झाली. लढायलाच असं नाही. बसऱ्याकडे ओझी वाहायला, रस्ते करायला. मामलेदार आमच्या शाळेत आले. हेडमास्तरांनी आम्हा तरुण शिक्षकांना बोलावून सांगितलं की सभा घ्या, लोकांना समजावून सांगा. मी तेव्हा हंगामी होतो. घरी पहिलं मूल होणार होतं. जो माणसं आणील त्याचा विचार होईल, असं हेडमास्तर म्हणाले नाहीत. नुसते माझ्याकडे बघून हसले. मला तेवढं पुरलं.

भवानी पेठेतल्या चौकात मी बोललो. मला बोलायला चांगलं येतं हे माझं दुर्दैव. दोन वेळचं जेवण सांगितलं, अंगावरचे कपडे सांगितले, नदीकाठची खजुराची झाडं सांगितली. ती मी नकाशातसुद्धा पाहिली नव्हती. गर्दीच्या मागं इरण्णा उभा होता. सभा संपल्यावर तो पुढं आला आणि त्यानं विचारलं, तिथं जर्मन असत्यात का? मी म्हणालो, लढाई जर्मनांशीच आहे.

"मग तितं जर्मन रंग गावंल का, मास्तर? भट्ट्या गार पडल्यात. अण्णा जेवत न्हाय नीट."

मला हसू आलं ते मी गिळलं. बसऱ्याला जर्मन नाहीत, तुर्क आहेत, आणि रंग नाही, वाळू आहे, हे मला ठाऊक होतं. मी भूगोलही शिकवत होतो. एक 'नाही' म्हणायचं होतं. पण माझ्या मागं मामलेदारांचा कारकून उभा होता आणि इरण्णासारखा दांडगा गडी त्यानं दिवसभरात पाहिला नव्हता. मी म्हणालो, "गावेल की."

त्यानं तिथंच नाव दिलं.

त्याच संध्याकाळी अण्णांनी त्याला भर रस्त्यात थोबाडीत दिली. मी खिडकीतून पाहिलं. रंगाचा एकुलता एक उरलेला डबा दाराशी सांडलेला होता. त्याच आठवड्यात इरण्णा गेला, आणि गल्लीनं दोन नि दोन चार केले: डबा सांडला, भावानं मारलं, पोरगं जिवाला लावून घेऊन पळालं. मारण्याआधीच त्यानं नाव दिलं होतं, हे त्या कारकुनाला ठाऊक होतं, आणि मला.

पुढं काही महिन्यांनी एक शिपाई रेवणसिद्धप्पा, म्हणजे आमचे अण्णा, कोण म्हणून विचारत गल्लीत आला. इरण्णा लढाईत नाही, तापानं गेला होता. जर्मन रंग संपल्यावर अण्णा झाडांच्या मुळ्या उकळून लाल काढत; ते भट्टीवरून उठून आले होते, हात लाल होते. त्यांनी ऐकून घेतलं, घरात गेले आणि हात धुऊ लागले. तो रंग धुऊन जाण्यातला नव्हता. तरी बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता.

गल्लीतल्या म्हाताऱ्या समाचाराला आल्या आणि जाता जाता एकेकीनं टोचून घेतलं. हात आवरायला हवा होता रे अण्णा. अण्णा प्रत्येकीला "व्हय" एवढंच म्हणत. मी ओट्यावर होतो. त्याच महिन्यात मी नोकरीत कायम झालो होतो.

त्यानंतर रोज संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊ लागले. त्यांना कानडी वाचता येई, मराठी अडखळत. म्हणून पेपर मी वाचायचा, पुस्तकं मी आणायची. ऑस्ट्रियाच्या राजपुत्राला मारलं. बरं, त्येच्या आदी? मी वाचनालयातून त्याच्या आधीचं आणायचो. खरं सांगायचं तर मी ते हौसेनं आणायचो. कारण जितकं लांबचं आणि जुनं, तितकं मला बरं वाटायचं. बाल्कनातली भांडणं आणली, फ्रान्सची जुनी हार आणली, आरमारांची चढाओढ आणली, कुणाचा कुणाशी झालेला तह आणला. भवानी पेठेपासून आम्ही दोघं रोज थोडे थोडे लांब जात होतो, आणि लांब जाण्याची मला जास्त घाई होती.

मी आणलेलं सगळं अण्णा आपल्या मापानं शिवून घेत. दुसऱ्या दिवशी तेच गल्लीत सांगत. ऑस्ट्रिया म्हणजे म्हातारा पाटील, त्याच्या घरातलं पोरगं मारलं. सर्बिया ओढ्यापलीकडची वाडी. वाडीचा मामा रशिया. पाटलाचा जावई जर्मनी, नवा पैसेवाला, पंगतीत मान मिळाला नाही म्हणून आधीच फुगलेला. फ्रान्स हा मामाचा व्याही, त्याचं जावयाशी बांधावरून जुनं वैर. आणि बेल्जम म्हणजे गरीब विधवा, दोघांच्या मधे तिचं अंगण, म्हणून तुडवली गेली.

"आणि इंग्रज?" नरसय्या मुद्दाम विचारायचा.

अण्णा गल्लीच्या दोन्ही टोकांना शिपाई आहे का बघून घ्यायचे. "सरकार मायबाप वाटंनं चाललं व्हतं. दंगा दिसला, थांबलं."

"आणि आपण?"

"आपन सरकारच्या गाडीमागं बांदलेलं शेरडू. गाडी गेली, आपन बी गेलो."

युद्धाचा पुढचा वृत्तान्तही असाच. मुन्शिपालटीनं आमच्या बोळात गटार खणून ते वर्षानुवर्षं उघडं टाकलं होतं. फ्रान्समधले खंदक कसे होते हे अण्णा त्यात उतरून दाखवत. खणायची सगळ्यांना घाई, बुजवायला कुणाला सवड नाही, असा त्यांचा एकूण निष्कर्ष होता. एकदा मुन्शिपालटीचा ओव्हरसियर तिथून जाताना त्यांनी त्याला वरून खाली हाक मारून, म्हणजे खालून वर, विचारलं की तह कधी करताय. त्याला काही कळलं नाही. गटार मात्र त्या आठवड्यात बुजलं.

वरच्या वर्गाला मी महायुद्धाची कारणं शिकवत होतो. पुस्तकात ती आकडे घालून दिलेली होती, एकूण सहा. मुलं घोकत होती. मी घरी विसरलेली छत्री घेऊन अण्णा शाळेत आले आणि दाराशी उभे राहून त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं, आता इथंच 'त्येच्या आदी' सुरू होणार. पण ते छत्री ठेवून गेले. संध्याकाळी ओट्यावर म्हणाले, "मास्तर, सा जनांनी मिळून येकाला मारलं तर फाशी कुनाला?"

मी म्हणालो, सांगता येत नाही. कदाचित कुणालाच नाही.

"मग पुस्तक चांगलं हाय," ते म्हणाले, आणि तेवढं पान त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. त्यांना ते इतकं का आवडलं हे मला तेव्हा समजलं नाही.

अशी वर्षं गेली. चळवळी आल्या, गिरण्या बंद पडल्या, उघडल्या, माझे केस पांढरे झाले, मी हेडमास्तर झालो. कुणी नवा शेजारी आला की गल्ली त्याला अण्णांची ओळख करून देई: लढाईअण्णा, यांनी भावाला मारलं आणि मग डोक्यावर परिणाम झाला. पोरं त्यांच्या पाठीमागं 'अण्णा, कैसर आला' म्हणून ओरडत. अण्णा हसत. मी मुलांना दटावत असे. तेवढंच करत असे. दर वर्षी वाटे, सांगून टाकावं. मग वाटे, आता इतक्या वर्षांनी कशाला. माणूस थकला की न्याय आणि आळस यांतला फरक त्याला कळेनासा होतो.

अलीकडेच पेपरात इटलीनं आफ्रिकेतलं हबसाण घेतल्याचं आलं, जर्मनी पुन्हा फौजा हलवत असल्याचं आलं. मी मोठ्यानं वाचत होतो. वाचून झालं तरी अण्णांनी 'त्येच्या आदी' विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "पुन्यांदा तेच?"

"तसंच दिसतंय."

"मग आता म्हातारपनी पुन्यांदा सुरवातीपासनं कुनी शोदायचं?" असं म्हणून ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली नाही. विणकर आता गिरणीचं रंगीत सूत आणतात, भट्टीत राम नव्हताच. लेक अक्कलकोटला दिलेली. आठवड्याभरात अण्णांनी घर भाड्यानं दिलं, गाठोडं बांधलं आणि उद्या सकाळच्या गाडीनं जातो म्हणून साऱ्या गल्लीला सांगून आले. नरसय्या दिवसभर तोंड लपवून रडत होता आणि विचारलं की चुलीचा धूर म्हणत होता. संध्याकाळी समाचाराच्या वेळच्या म्हाताऱ्यांपैकी जी एक उरली आहे ती येऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवून गेली. म्हणाली, झालं गेलं विसर, हात तुझा, पण नशीब त्याचं. अण्णा नेहमीप्रमाणे "व्हय" म्हणाले.

ते 'व्हय' घेऊन हा माणूस उद्या जाणार होता. ती गेल्यावर मी माझ्या ओट्यावरून उतरलो आणि त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"अण्णा, इरण्णा तुम्ही मारलंत म्हणून गेला नाही."

ते गाठोड्याची गाठ आवळत होते. मी खाली बघून सगळं सांगितलं. सभा, खजुराची झाडं, मागं उभा असलेला कारकून, त्याचा प्रश्न आणि माझं 'गावेल की'. नोकरीचंही सांगितलं. इतकी वर्षं मनात मोठमोठी वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. सांगायला फारसा वेळ लागला नाही, याची मला आणखी लाज वाटली.

अण्णांनी गाठ आवळून घेतली. मग म्हणाले, "ठावं हाय."

मी वर बघितलं.

"नाव देऊन नाचत घरी आला त्यो. म्हनला, अण्णा, रंग आनतो, मास्तर म्हनले तितं गावतोय. तवा मारलं म्यां. डब्यासाटी न्हाय. डबा माज्याच हातनं सांडला, त्येला मारताना. गल्लीला डबा दिसला."

"मग सगळ्यांना 'व्हय' का म्हणत राहिलात? माझं नाव का नाही घेतलंत?"

"घेतलं आसतं." ते ओट्याच्या कडेला टेकले. "पर भिंतीला भिंत हाय की आपली. सकाळी दार उगडलं की तुमचं तोंड. तुमच्यापाशी थांबलो आसतो तर येक तर तुमी जाया पायजे व्हतं, न्हाय तर मी. घरं काय अशी गावत्यात व्हय? म्हनून म्हनलं, मास्तराच्या आदी कोन? हेडमास्तर. त्येच्या आदी मामलेदार. त्येच्या आदी सायब. असं करत लई लांब गेलो. लांबच्या मानसावर राग धरला म्हंजे शेजाऱ्यासंगं नांदता येतं, मास्तर."

मग ते म्हणाले, "तुमी बी चांगली पुस्तकं आनून दिली."

यात टोमणा असता तर मला सोसला असता. तो नव्हता.

बोळात दिवे लागू लागले. कुणीतरी माग थांबवला, म्हणून इतका वेळ तो चालू होता हे कळलं. अण्णांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. भट्टी बंद होऊन काही दिवस झाले होते आणि मी पहिल्यांदाच त्या हातांची मूळ कातडी पाहत होतो. साधी, म्हाताऱ्या माणसाची.

"येक इचारतो," ते म्हणाले. "त्यो गेला त्या दिशी म्यां ठेसनावर गेलो न्हाय. रागात व्हतो. म्हनलं, मास्तर आसतील, त्येंनीच धाडलाय. तुमी व्हता न्हवं? कसा व्हता?"

हे त्यांनी इतकी वर्षं विचारलं नव्हतं. मी स्टेशनावर असेन, या एका समजुतीवर हा माणूस माझ्या शेजारी राहिला होता. होतो, हसत होता, तुमची आठवण काढत होता, एवढं म्हटलं असतं तरी त्यांना आयुष्यभर पुरलं असतं. माझ्या जिभेला असली वाक्यं जुळवायची सवय आहे.

"नाही अण्णा," मी म्हणालो. "मीही नव्हतो. बरं नाही म्हणून शाळेत निरोप धाडला आणि दार लावून घरात बसलो. बरं होतं मला."

अण्णांनी गाठोडं बाजूला सारलं.

"म्हंजे कुनीच न्हवतं."

"कुणीच नव्हतं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता ते उठून आत जातील आणि सकाळी मला न भेटता निघून जातील. तसं त्यांनी केलं असतं तर ते रास्तच झालं असतं. पण ते उठले नाहीत. नरसय्याच्या घरातून फोडणीचा वास आला आणि गेला.

"कुर्डुवाडीला गाडी लई येळ थांबती," अण्णा डोळे न उघडता म्हणाले. "तितं कुनीतरी च्या दिला आसंल की त्येला. कुनाच्या का हातचा आसंना."

"दिला असेल, अण्णा," मी म्हणालो. "तिथं चांगला मिळतो."